कोरडं खाचर

वीटशेठनं सळई मातीत खुपसली. हातभर आत गेली तरी कुठे खट् झालं नाही. त्यानं ती उपसली, टोकाला चिकटलेली माती बोटांत मळली, तिची वळी केली, वळी वाकवून बांगडी केली. बांगडी तुटली नाही तसा तो हसला.

"लोणी आहे, पाटकरीबाबा. नुसतं लोणी! दोन हात खोल उचलतो. खालची जमीन तुमचीच की. मी काय जमीन काखेत मारून नेणार आहे?"

"वरचं लोणी काढल्यावर खाली ताकच राहणार ना, शेठ?" पाटकरीबाबांची सून बांधावरून म्हणाली.

तिचा नवरा शेठच्या मागे उभा होता. हातात शेठची छत्री, शेठच्या डोक्यावर धरलेली. स्वतःच्या डोक्यावर ऊन. सात वर्षं भट्टीवर विटा वाहून त्याचा उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली आला होता. रात्री कूस बदलताना तो कण्हायचा आणि सकाळी विचारलं तर "कोण, मी?" म्हणायचा. शेठनं त्याला सांगून ठेवलं होतं, माती दिलीत की तू मुकादम. मग डोक्यावर ओझं नाही, हातात नुसती वही.

म्हणून तो छत्री सरळ धरून म्हणाला, "अगं, मी रोज लोकांची माती वाहतो. तशीच आपली वाहीन. दोन वर्षं झाली, पाण्याचा थेंब आला का इथं?"

नव्हता आला, ही गोष्ट खरी. खाचर होतं कालव्याच्या अगदी शेपटाला. पाणी वरच्या शेतांतून कमी कमी होत यायचं, आणि इथं पोचायच्या आधीच पाळी संपायची. दोन वर्षं भात गुडघ्याएवढं होऊन वाळलं होतं.

"एक पीक मला घेऊ द्या," सून सासऱ्याकडे बघून म्हणाली. "पाण्याशिवाय घेते."

"भात? पाण्याशिवाय?" शेठला हसू आवरेना.

म्हातारा खाचराच्या भेगांकडे बघत म्हणाला, "पाणी होतं तेव्हा यात बारा पोती होत. हिनं दहा काढली तर मातीला हात लावू देणार नाही. दहाला कमी पडलं तर मी आडवा येणार नाही."

"झालं तर मग," शेठ हात झटकत म्हणाला. "मी काही राक्षस नाही. पीक निघेपर्यंत थांबतो. तुमचा शब्द म्हणजे काय, घड्याळच."

ते काही तो उगीच बोलला नव्हता. एकतीस वर्षं म्हाताऱ्यानं कालव्याचं पाणी वाटलं होतं. कुणाच्या शेताचं दार कधी उघडायचं, कधी पाडून पाणी बंद करायचं, सगळं त्याच्या हातात. नोकरी संपून चार वर्षं झाली तरी लोक त्याला पाटकरीच म्हणत. पायाचा अंगठा पाण्यात बुडवून तो सांगे, वर कुणीतरी दार किलकिलं ठेवलंय. आणि ते तसंच निघे. एका साली एकानं चोरून पाणी घेतलं. पाटकऱ्यानं त्याचं दार पंधरा दिवस पाडून ठेवलं आणि त्याचं उभं पीक करपलं. त्याच माणसाचा मुलगा आता नवा पाटकरी झाला होता. शेपटाला पाणी का येत नाही हे वस्तीत सगळ्यांना ठाऊक होतं. म्हातारा मात्र त्याच्याकडे गेला नाही. "मी पाणी वाटलंय," एवढंच म्हणे, "मागितलं नाही कधी."

सुनेनं जे मनात धरलं होतं, ते ती शेतीखात्याच्या मॅडमकडून शिकून आली होती. मातीत एक बुरशी असते. ती भाताच्या मुळाला धरून राहते, मूळ पोचत नाही तिथवर स्वतःचे तंतू पसरते, आणि तिथली ओल अन् कस आणून मुळाला देते. मॅडमनं विरजणापुरती एक पिशवी माती दिली. सुनेनं परसात खड्डा खणला, प्लास्टिकचा कागद अंथरला, वाळू-माती भरून त्यात ती पिशवी कालवली आणि वर मका पेरला. मक्याच्या मुळांवर बुरशी वाढवायची, मग मका कापून टाकायचा आणि ठेवायची ती मुळं.

शेजारीण कुंपणावरून बघत होती. तिला वस्ती पाठीमागे भोंगा म्हणे आणि तोंडावर काकू.

"काय गं, कणसं फेकून देतेस आणि मुळं जपतेस? डोकं ठिकाणावर आहे ना?"

"मुळांत बुरशी आहे, काकू."

"अगं बाई! माझ्या घरात फुकट आलीये, शिळ्या अन्नावर. नेतेस का वाडगाभर?"

"ती वेगळी. ही कामाची आहे."

"बुरशी आणि कामाची! आमचे हे पण कामाचे आहेत म्हणतात, इतकी वर्षं वाट बघतेय मी."

सून तोंडाला पदर लावून हसली आणि कोयत्यानं मुळं बारीक करत राहिली. दोन दिवस तिनं मुळं तोडली. तळहाताला फोड आले, फुटले, त्यांत माती गेली. सावलीत वाळवून तिनं ती गोणपाटाखाली ठेवली आणि येता-जाता हात लावून बघू लागली, तान्ह्या बाळाला ताप आहे का बघावं तशी.

जमिनीला वाफसा आला तेव्हा पेरणी केली. चिखलणी नाही, रोपं नाहीत, लावणी नाही. सरळ काकरी ओढायची, मुळांचा चुरा टाकायचा, वर भाताचं बी. भाताच्या दोन ओळी, मग मुगाची एक. मूग जमिनीला जोर देतो, हे तर सगळ्यांनाच माहीत होतं. पण भातात मूग कुणी पेरला नव्हता. सहा दिवस ती वाकून पेरत होती. सातव्या दिवशी उठताना कंबर सरळ होईना, तशी भिंतीला धरून उभी राहिली. भट्टीवर निघालेला नवरा दारातून मागे आला, तिच्या कमरेवर मूठ टेकवून त्यानं दाबलं.

"आपण दोघं मिळून एक धड माणूस होऊ," तो म्हणाला.

"खांदा माझा, कंबर तुमची," ती म्हणाली. त्या दिवशी दोघं हसली.

म्हातारा शेतावर येत नसे. भात आणि पायाला चिखल नाही, हे त्याला बघवत नव्हतं. येणारे-जाणारे मुद्दाम थांबून विचारत, "काय पाटकरी, खाचर करताय की भाजीचा वाफा?" मग त्यानं तो रस्ताच सोडला. सकाळी वरच्या आळीनं लांबचा वळसा घालून जाई.

चाळिसाव्या दिवसानंतर पाऊस गेला. वरच्या शेतांतलं पाणी आटलं, त्यांच्या भाताची पानं दुपारी सुरळीसारखी मिटू लागली. सुनेच्या खाचरातली पानं मिटत नव्हती. तिनं मुगाचं आणि भाताचं एकेक रोप उपटून घरी आणलं आणि ओट्यावर बसलेल्या सासऱ्यापुढं धरलं. मुगाच्या मुळांवर मोहरीएवढ्या गाठी होत्या. एक गाठ तिनं नखानं फोडली. आत लालसर होतं.

"रक्तच की गं," म्हातारा म्हणाला.

"लाल असली की समजायचं, गाठ जिवंत आहे, काम करतेय. आणि भाताच्या मुळाला बघा बाबा, माती कशी धरून ठेवलीय. झटकली तरी सुटत नाही."

त्यानं मूळ हातात घेतलं, झटकलं, पुन्हा झटकलं. मग डोळे बारीक करून तिच्याकडे बघितलं. "म्हणजे बिनपाण्याचं चालवून घेतंय बिचारं."

"हो बाबा. पाण्याशिवाय चालतं त्याला."

इथंच ती चुकली. मॅडमनं तिला दोनदा बजावलं होतं, ओल चालेल, पण पाणी साचू देऊ नकोस. मुळं आणि बुरशी दोघांनाही श्वास लागतो. मुगाला तर दोन दिवस पाणी साचलं की तो गेलाच. नवऱ्याला तिनं हे सांगितलं होतं, भोंगाकाकूलाही सांगितलं होतं. पण ज्यानं एकतीस वर्षं पाणी म्हणजे जीव म्हणून वाटलं, त्या माणसाच्या तोंडावर पाणी वाईट म्हणायचं कसं? सासरा होता. वर दुखावलेला होता. तिनं सौम्य करून सांगितलं. पाणी नको, एवढे दोन शब्द काही तिच्या जिभेवर आले नाहीत.

भात पोटरीला आलं. कणसं अजून आत होती, बोटांनी दाबलं की लागत. मुगाला शेंगा धरल्या होत्या. खालच्या शेंगा काळ्या पडू लागल्या तशी ती पहिल्या तोडणीला सकाळीच टोपली घेऊन निघाली.

लांबूनच तिला आवाज आला. खळखळ. इतक्या दिवसांत त्या बाजूला न ऐकलेला. ती धावली.

खाचर भरलं होतं. वरच्या निम्म्यात घोट्याएवढं, खालच्या उताराच्या निम्म्यात नडगीपर्यंत. मुगाचे शेंडे तेवढे पाण्यावर दिसत होते. मधोमध म्हातारा उभा होता, धोतर वर खोचून, तोंडभर हसत. लग्न होऊन आल्यापासून तिनं त्याला असं हसताना पाहिलं नव्हतं.

"सूनबाई, पाणी!" त्यानं ओंजळीत पाणी घेऊन वर उडवलं. "पोटरीत भाताला तहान लागते गं. तू नाही बोललीस, पण मला कळत नाही का? तू चालवून घेतेस. मी घेऊ देईन होय?"

बांधावर नवा पाटकरी फावड्यावर रेलून उभा होता.

"बाबांनी स्वतः येऊन मागितलं हो," तो म्हणाला. आवाजात साखर होती. "आमच्या दारात आले. माझे वडील आजारी असतात, पलंगावरून उठत नाहीत. तर बाबा तिथं खाली बसले, जमिनीवर. वडील म्हणाले, हात जोड. जोडले बिचाऱ्यांनी. मग मी म्हटलं, म्हातारं माणूस आहे, देऊन टाकू एक पाळी."

म्हाताऱ्याचं हसू थोडं हललं, पण गेलं नाही. "त्यांचा राग होता तो. फिटला," तो म्हणाला. "पाणी आलं ना? तीन दिवस असंच उभं ठेवू. मग बघ कणीस!"

सुनेच्या हातातली टोपली तशीच होती. तिचे पाय पाण्यात गेले तेव्हा माती खालून विरघळल्यासारखी लागली. तिला वाटलं, गप्प बसावं. एक दिवस तरी. या माणसानं आयुष्यात एकदा हात जोडले, ते माझ्यासाठी. उद्या सांगू. पण उद्यापर्यंत मूग राहणार नव्हता. मूग गेला की भाताचा जोर गेला, आणि मुळांभोवती तिनं वाढवलेलं सगळं गुदमरून जाणार होतं.

"तुम्ही या आता, भाऊ," ती नव्या पाटकऱ्याला म्हणाली. "उपकार झाले."

तो शीळ घालत वरच्या शेताकडे गेला. पुरता दिसेनासा होईपर्यंत ती थांबली. मग म्हणाली, "बाबा, पाणी सोडावं लागेल."

"कुठं सोडायचं?"

"बाहेर. आत्ताच. बांध फोडून."

म्हातारा तिच्याकडे बघत राहिला. ती परक्या मुलखातल्या भाषेत बोलल्यासारखा.

"या पिकाला साचलेलं पाणी चालत नाही, बाबा. मूग मरतो. बुरशी मरते. मला आधीच सांगायला हवं होतं. माझी जीभ रेटली नाही."

"मला सांगायला?"

"तुम्हाला पाण्याबद्दल मी काय सांगायचं? म्हणून."

वारा नव्हता. पाणी अजून येत होतं. म्हाताऱ्याच्या पायाभोवती काडीकचरा गोल फिरत होता.

"म्हणजे सगळ्या वस्तीला माहीत होतं," तो हळू म्हणाला. "भोंग्यालासुद्धा?"

तिनं हातातली टोपली बांधावर टेकवली.

"मला तू मान दिलास," तो म्हणाला. "आणि मी त्या मानापायी तिथं जाऊन जमिनीवर बसलो." त्यानं खोचलेलं धोतर सोडलं. त्याची टोकं पाण्यात भिजली. "फोड. पण मी रस्त्याला लागल्यावर फोड."

तो लांबच्या वळशानं गेला नाही. सरळ मधल्या रस्त्यानं गेला, ओलं धोतर पायांत घोटाळत, सगळ्यांच्या देखत.

तिनं आधी वरून पाणी येणारं दार पाडलं. मग फावड्यानं खालच्या कोपऱ्याचा बांध फोडला. ओली माती फावड्याला चिकटे, उचलली की निम्मी परत पडे. पाणी खालच्या अंगाच्या भोंगाकाकूच्या शेतात धावलं. काकू कुठूनशी आलीच, दोन्ही हात कपाळाला लावून.

"देव तुझं भलं करो गं बाई! माझं भात मरायला टेकलं होतं." मग तिनं सुनेच्या तोंडाकडे बघितलं आणि पहिल्यांदाच आवाज खाली आणला. "काय झालं?"

"काही नाही, काकू. घ्या पाणी."

वरचा निम्मा भाग दुपारपर्यंत निथळला. खालचा निथळेना. ती चर मारत राहिली. संध्याकाळी भट्टीवरून नवरा आला, त्यानं फावडं घेतलं. खांद्यामुळं त्याला डाव्या हातानं मारावं लागत होतं, अर्धे घाव वाया जात. दुसऱ्या दिवशी दुपारी खालच्या भागात चिखल दिसला. तोवर मुगाची पानं पिवळी होऊन लोंबत होती. मुळं उपटून तिनं एक गाठ फोडली. आत काळपट पाणी होतं.

वस्तीत गोष्ट पसरायला भोंग्याची गरज पडली नाही. "पाटकऱ्यानं हात जोडून पाणी आणलं आणि सुनेनं ओतून दिलं," असं नवा पाटकरीच सांगत हिंडला. दिलेली पाळी फुकट घालवली म्हणून त्यानं शेपटाचं दार हंगामभरासाठी पाडलं. म्हाताऱ्याला कुणी विचारलं तर तो म्हणे, "बरोबर आहे." घरात तो जेवायला सगळ्यांच्या आधी बसे आणि सून वाढायला आली की ताटाकडे बघे. एकदा तिनं पाय धरायला हात पुढं केला. त्यानं पाय मागे घेतले. "नको. कुणी कुणापुढं हात जोडायला नकोत आता."

भात निसवलं, भरलं, पिकलं. वरच्या भागातली कणसं वाकून एकमेकांत अडकत होती. मळताना एकेका पेंढीखाली दाण्यांची रास पडे. खालच्या भागातली ताठ उभी होती, हलकी. पाखडताना त्यांतलं निम्मं वाऱ्यावर गेलं. सुनेनं पोती शिवली. नवऱ्यानं मोजली. मग परत मोजली.

"नऊ," तो म्हणाला. "आणि हे इतकं." गोणपाटात गुडघाभर दाणा होता.

"सहा वरच्या निम्म्यात, खालच्यात तीन," ती म्हणाली. "खालचंही वरच्यासारखं झालं असतं तर..." बारा. पाणी असतानाची बारा.

वीटशेठ तिसऱ्या दिवशी आला. या खेपेला छत्री त्यानं स्वतःच धरली होती, चांगल्या मनानं आला होता. पोत्यांवरून नजर फिरवत म्हणाला, "कष्ट केलेत, वहिनी. कुणी नाही म्हणणार नाही. पण दहा नाहीत."

नवरा जमिनीकडे बघत होता. मुकादमी त्याला हवीच होती. पण ही नऊ पोतीही त्यानंच पाठीवरून आणली होती.

म्हातारा ओट्यावरून उतरला. "नऊ आहेत," तो म्हणाला. "दहावं मी बुडवलं. हिनं नाही."

"ते तुमच्या घरातलं झालं, बाबा. शब्द..."

"शब्द आहेच. शब्द खालच्या निम्म्यात बुडाला, तर खालचा निम्मा घे. वरच्यात सळई घालायची नाही. मी जिवंत आहे तोवर नाही, आणि नंतर ही आहे."

शेठनं थोडं डोकं खाजवलं. अर्ध्या खाचराची माती म्हणजे मनासारखं काही नव्हतं. पण समोरच्या म्हाताऱ्याच्या तोंडाकडे बघून तो वाद घालायला धजला नाही. "बरं. परवा ट्रॅक्टर पाठवतो. याचं मुकादमीचं मात्र पुढं बघू मग. अर्ध्या मातीत कसली मुकादमी?"

"मग मी माती वाहायलाच येतो," नवरा म्हणाला.

परवा उजाडलं तेव्हा सून खालच्या तुकड्यात होती. ती कुदळीनं वरची माती सोलत होती आणि घमेलं भरून वरच्या तुकड्यात नेऊन टाकत होती. मुळं, धसकटं, सगळं. पाण्यानं निम्मं मारलं असेल, सगळं मारलं नसेल, असं तिच्या मनानं घेतलं होतं. वीटवाल्याला ही माती नकोच होती; मुळांची माती भाजली की वीट तडकते. पण त्याचे लोक ती खरवडून रस्त्यावर भिरकावणार होते. ट्रॅक्टर यायच्या आत एकटीच्यानं किती होणार, हा हिशेब तिनं केला नव्हता.

विसावं की एकविसावं घमेलं उचलताना तिच्या मानेत कळ आली. ती थांबली. मागे पावलं वाजली. म्हातारा होता. खांद्यावर कुदळ, अंगात बंडी. दोन महिन्यांत तो या बांधावर आला नव्हता.

"किती खोल असते ती?" त्यानं विचारलं.

तिला क्षणभर कळलं नाही.

"तुझी ती. बुरशी. किती खोल राहते?"

"मुळं जातात तिथवर, बाबा. पण जास्त वरच. वीतभर धरा."

त्यानं सोललेल्या कडेशी गुडघे टेकले. हाताची वीत पसरून उभ्या मातीला लावली, अंगठा वर, करंगळी खाली. करंगळीपाशी नखानं रेघ ओढली. मग पाऊल सरकवून पुन्हा वीत, पुन्हा रेघ. पाण्याची पातळी लावताना तो असाच मान तिरपी करत असणार.

"रेघेवरचं तुझं," तो म्हणाला. "खालचं त्यांचं. आणि घमेलं एवढं शीग लावून भरू नकोस. दोन खेपा जास्त झाल्या तरी चालतील."

त्यानं कुदळ मारली. रस्त्यावर ट्रॅक्टरचा आवाज आला, जवळ आला, बांधाशी थांबला. मागच्या डब्यातून चार मजूर उतरले. त्यांच्यात तिचा नवरा होता. त्यानं बायकोकडे बघितलं, बापाकडे बघितलं, मातीवरच्या रेघा बघितल्या.

"पलीकडच्या टोकापासून लागा रे," तो बाकीच्यांना म्हणाला. "हळूहळू. घाई नाही."

मग सदरा काढून त्यानं त्याची चुंबळ केली, डोक्यावर ठेवली आणि बायकोच्या समोर येऊन खाली वाकला.

"ठेव," तो म्हणाला.